मॉरिशसला जाताय? मग अजून दीड तास पुढे जा

मॉरिशसला जाऊन आलेल्यांचे फोटो साधारण सारखेच असतात, निळं पाणी, सात रंगांची माती, गंगा तलावाजवळचा उंच शंकर आणि कॅटामरानवर गॉगल लावून उभं असलेलं जोडपं. आम्ही पण काढले, नाही कशाला म्हणू. पण त्याच देशाचं अजून एक बेट आहे, मॉरिशसपासून ५६० किलोमीटर पूर्वेला, भर हिंदी महासागरात एकटं पडलेलं, रॉड्रिग्ज नावाचं, आणि तिकडे आपल्याकडचं जवळजवळ कुणीच जात नाही. टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला मॅडम तिथे काही नाहीये. मग तर जायलाच पाहिजे असं मला वाटलं, नवऱ्याला नाही वाटलं, पण तिकीट मी काढलं होतं.

छोटं एटीआर विमान, पंख्यांचं, दीड तास. सामानाची मर्यादा कमी, त्यामुळे मोठी बॅग मॉरिशसच्या हॉटेलातच ठेवून गेलो. वरून बेट दिसायला लागतं तेव्हा आधी बेट दिसतच नाही, दिसतो तो लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आत अडकलेलं उथळ पाणी, हिरवट, पिवळट, मधेच गडद निळ्या चिरा. हा लगून बेटाच्या जवळपास दुप्पट आहे, बेट १०८ चौरस किलोमीटर आणि लगून २०० च्या आसपास. त्याच्या मधोमध हे १८ किलोमीटर लांब बेट पडलेलं.

आणि आता खरं सांगते, बेट बघून पहिल्यांदा जरा हिरमोड होतो. हिरवंगार वगैरे काही नाही. उघडे बोडके डोंगर, कोरडं गवत, मधेच गाई आणि शेळ्या, पत्र्याची छपरं आणि प्रत्येक घराबाहेर पाण्याची टाकी, कारण पाण्याची कायमची बोंब. आम्ही राहिलो त्या घरगुती गेस्टहाऊसच्या बाथरूममध्ये पाणी जपून वापरा अशी पाटी होती आणि शॉवरखाली बादली ठेवलेली, तेच पाणी मग झाडांना. सगळ्यात उंच डोंगर मों लिमों, फक्त ३९८ मीटर, रस्त्यापासून चढायला थोडंच अंतर, पण वर उभं राहिलं की चारी बाजूंना समुद्र दिसतो आणि लांबवर लाटा फुटल्याची पांढरी रेघ, बेटाला अख्खा वेढा घातल्यासारखी. तिथे मात्र नवरा बराच वेळ गप्प होता, जे फार क्वचित होतं.

पण माझ्या मते रॉड्रिग्जला जायचं ते देखाव्यासाठी नाही, देखावा मॉरिशसलाही आहे. जायचं ते खायला आणि तिथल्या भन्नाट गोष्टी ऐकायला.

खाण्यापासून सुरू करते. पोर्ट माथुरिन ही तिथली राजधानी, राजधानी म्हणजे चार-पाच रस्ते, एक धक्का, एक चर्च, काही दुकानं. शनिवारी सकाळी तिथे बाजार भरतो आणि तो उजाडायच्या आधीच सुरू होतो, नऊ-दहाला गेलात तर रिकाम्या टोपल्या बघायला मिळतील. आम्ही सहाच्या आत पोचलो. राजम्यासारख्या लाल, शेंगदाण्याएवढ्या बिया, मक्याचे पोते, कागदी लिंबं (आपल्यापेक्षा लहान, पण रस असा की बोटं दिवसभर वास मारतात), बारीक तिखट मिरच्या आणि त्या मिरच्या-लिंबांच्या लोणच्यांच्या बाटल्यांवर बाटल्या, मध, वेताच्या आणि पानांच्या टोप्या, आणि एका बाजूला दोरीवर टांगलेलं सुकं ऑक्टोपस.

ऑक्टोपसला तिथे उरीत म्हणतात. समुद्रकाठच्या गावांतून फिरताना घरासमोर दोन खांब, मधे दोरी आणि त्यावर आठही पाय काडीने ताणून पसरवलेले उरीत वाळत असतात, आपल्याकडे वर्सोव्याला बोंबील वाळतात ना अगदी तसंच दृश्य आणि खरं सांगायचं तर वासही त्याच घराण्यातला. नवऱ्याने नाक धरलं. मी कोळीवाड्याशेजारी वाढलेली, मला घरी आल्यासारखं झालं.

हे उरीत पकडतात बायका. पुरुष बोट घेऊन जातात, पण भरतीचं पाणी ओसरलं की डोक्याला मोठी टोपी, पायात बूट, हातात लोखंडी लांब सळई घेऊन बायका लगूनमध्ये चालत जातात, गुडघाभर पाण्यात, किलोमीटरच्या किलोमीटर. दगडाखालचं बीळ ओळखायचं, सळई घालायची, आणि तो पाय गुंडाळत सळईवर वर येतो. एक मावशी किनाऱ्यावर परतल्या तेव्हा मी मुद्दाम बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी डोकं असं अंगठ्याने आत ढकलून पिशवी उलटी करावी तसं उलटं केलं, आतलं सगळं एका झटक्यात ओढून काढलं, समुद्राच्या पाण्यात विसळलं आणि पुढचा घेतला. सगळं मिळून दहा सेकंद नसतील. माझ्याकडे बघून हसल्या आणि क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून आलेल्या तिथल्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही पण बाकीच्या बायका जोरात हसल्या, तेव्हा विषय मीच असणार.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मधल्या काळात उरीत फार कमी व्हायला लागले होते, लहान लहान पिल्लंच हाती लागायची. मग २०१२ पासून तिथे दर वर्षी साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरीत पकडायला पूर्ण बंदी असते, पावसाळ्यात आपल्याकडे मासेमारी बंद असते त्याच विचाराने. बंदीच्या काळात पकडणाऱ्यांना किनाऱ्याची साफसफाई वगैरे दुसरी कामं देऊन त्याचे पैसे दिले जातात. उरीतचं आयुष्य छोटं, वाढ भराभर, त्यामुळे दोन महिने हात राखला तरी बंदी उठल्यावर वजनदार माल मिळतो. बंदी उठते तो दिवस म्हणजे तिथे सणच, अख्खं गाव पाण्यात. बंदी घालणं सोपं असतं, ती लोकांनी पाळणं अवघड, आणि इथे ती पाळली जाते कारण फायदा पुढच्याच महिन्यात टोपलीत दिसतो.

खायचं कसं? एक म्हणजे सॅलड, उकडून बारीक कापलेला उरीत, कांदा, लिंबू, तेल, मिरी, गार. पहिला घास घेतला आणि मी नवऱ्याची प्लेट पण माझ्याकडे ओढली (तो तसाही खाणार नव्हता, असं मला वाटलं होतं, पण त्याने परत ओढून घेतली). दुसरा प्रकार कालवण, टोमॅटो, लसूण, थाईम आणि हळद घालून, यात सुका उरीत असेल तर चव अजून खोल. भाताबरोबर देतातच, पण जुन्या घरांत अजून मका खातात, मक्याच्या जाड कण्या भातासारख्या शिजवून, बाजूला लाल बियांची उसळ, घरचं कोंबडं आणि ते लोणचं. लोणच्याबद्दल इशारा, नखाएवढं घ्या. आम्हाला तिखटाची सवय आहे हो असं गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंना हसत हसत सांगितलं आणि पुढची दहा मिनिटं नाक पुसत होते. शेवटी तूर्त नावाचा गोड प्रकार, बिस्किटासारख्या आवरणात पपईचा किंवा नारळाचा गोड मुरांबा भरलेला, चहाबरोबर एकदम बेस्ट. आणि मध, तिथल्या निलगिरीच्या फुलांचा, तो तर चमच्याने खाल्ला.

शाकाहारी असाल तर जरा कठीण आहे, उसळ-मका-लोणचं यावर दिवस काढता येतात पण आधी सांगून ठेवा.

आता गोष्टी. हे बेट इतकं लांब आहे की शेकडो वर्षं तिथे माणूसच राहत नव्हता. १५२८ मध्ये पोर्तुगीज खलाशी दिओगो रॉड्रिग्ज इथे आला, नाव त्याचं. मग १६९१ मध्ये फ्रान्समधून धर्माच्या छळामुळे पळालेले आठ प्रोटेस्टंट पुरुष इथे उतरले, त्यांचा पुढारी फ्रांस्वा लेगा, पन्नाशी उलटलेला माणूस. त्यांनी झोपड्या बांधल्या, बागा केल्या, पोटभर खाल्लं, आणि दोन वर्षांत बाकीच्या तरुणांनी बंड केलं की इथे सगळं आहे पण बायका नाहीत, आम्ही नाही राहणार. लेगाला बिचाऱ्याला राहायचं होतं. शेवटी हातानेच बोट बांधून १६९३ मध्ये निघाले, कसेबसे मॉरिशसला पोचले, आणि तिथल्या डच गव्हर्नरने त्यांना उचलून एका खडकाळ बेटावर कैदेत टाकलं. म्हणजे स्वर्गातून निघाले ते सरळ तुरुंगात.

या लेगाने जे लिहून ठेवलंय ते वाचून पोटात कालवतं. त्या वेळी बेटावर कासवं इतकी होती की एका कासवाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर पाय ठेवत शंभरेक पावलं जमिनीला न टेकता जाता येईल असं तो म्हणतो. आणि सॉलिटेअर नावाचा पक्षी, डोडोचा भाऊबंद, उडता न येणारा, खरंतर दोघंही कबुतराच्या कुळातले. लेगा लिहितो की हा पक्षी पकडला की आवाज न करता डोळ्यांतून पाणी काढतो आणि मरेपर्यंत काही खात नाही. पुढे अठराव्या शतकात जहाजं येऊन कासवं हजारोंनी भरून न्यायची, ताजं मांस म्हणून, कारण कासव महिनोन्महिने खाण्यापिण्याशिवाय जिवंत राहतं. शतक संपेपर्यंत कासवं संपली आणि सॉलिटेअर तर त्याच्याही आधी.

आता लेगाच्याच नावाने तिथे एक राखीव जागा आहे, २००७ मध्ये सुरू झाली, तिथे दुसरीकडून, म्हणजे सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटाची महाकाय आणि मादागास्करची चांदण्यांच्या पाठीची कासवं आणून सोडलीत आणि स्थानिक झाडं हजारोंनी लावलीत. मूळ रॉड्रिग्जची कासवं परत येणार नाहीत, पण त्यांची जागा तरी कुणीतरी घेतलीय. तिथल्या गाईड मुलीने एका मोठ्या कासवाच्या मानेखाली खाजवायला सांगितलं. खाजवलं, तर ते चारही पायांवर हळूहळू उंच झालं, मान लांबच लांब ताणली, आणि डोळे अर्धे मिटून तसंच उभं राहिलं. हात थांबवला की एक डोळा उघडायचं. पंधरा मिनिटं माझी सुटका नाही. शेजारच्या चुनखडीच्या गुहेत उतरता येतं, आणि अशाच गुहांतून सॉलिटेअरची हाडं मिळाली म्हणून आज तो कसा दिसायचा ते कळतं.

पुढची गोष्ट माझी लाडकी. ६ जून १७६१ ला शुक्र सूर्यासमोरून जाणार होता, ते बघायला पँग्रे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ अर्धं जग फिरून रॉड्रिग्जला पोचला. नेमके त्या दिवशी ढग. मधे मधे थोडं दिसलं तेवढंच. तेव्हा इंग्रज-फ्रेंच युद्ध चालू, पण विज्ञानाचं काम आहे, याला त्रास देऊ नये असं इंग्रजांचंच पत्र त्याच्या खिशात. थोड्याच दिवसांत इंग्रजी जहाजं आली, त्याने पत्र दाखवलं, त्यांनी पत्र बघितलं आणि त्याचं जहाज घेऊन गेले. बसा आता. काही महिने तो तिथेच अडकला. म्हणजे ढगांनी एकदा घात केला आणि साहेबाने दुसऱ्यांदा.

आणि या साहेबाच्या पुढच्या फेरीत आपली माणसं होती! १८०९ मध्ये कर्नल कीटिंग नावाचा अधिकारी चारेकशे सैनिक घेऊन रॉड्रिग्जवर उतरला, त्यातले निम्मे मुंबई पलटणीचे देशी शिपाई. तिथे छावणी पडली, आणि १८१० मध्ये इथूनच फौजा आधी रियुनियन बेट आणि मग मॉरिशस घ्यायला गेल्या. मुंबईच्या पलटणीत त्या काळी कोकणातली पोरं भरपूर असायची, म्हणजे मॉरिशसला मजूर म्हणून आपले लोक जायच्या पंचवीसेक वर्षं आधी कुणीतरी रत्नागिरीकडचा गडी या उजाड डोंगरावर बंदूक घेऊन समुद्राकडे बघत बसला असण्याची शक्यता चांगली आहे. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. काय खात असेल, उरीत खाल्ला असेल का, हे मी नवऱ्याला विचारत बसले आणि तो म्हणाला झोप आता.

अजून एक. २७ ऑगस्ट १८८३ ला इथल्या पोलीस प्रमुखाने नोंद केली की पूर्वेकडून लांबून तोफा डागल्यासारखे आवाज येतायत. त्याला वाटलं कुठलं तरी जहाज संकटात आहे. ते होतं क्राकाटोआ, इंडोनेशियातला ज्वालामुखी, जवळजवळ ४,८०० किलोमीटरवर! आवाजाला पोचायला चार तास लागले होते. इतक्या लांबून कानांनी आवाज ऐकल्याची दुसरी अशी नोंद नाही. त्या दिवशी बेट किती शांत असेल याचा विचार करा. आताही शांतच आहे म्हणा, दुपारी चारनंतर पोर्ट माथुरिनची दुकानं बंद, संध्याकाळी रस्त्यावर कुत्री आणि आम्ही. १९०१ मध्येच इथे समुद्राखालून तार आली होती पण धड फास्ट इंटरनेटची केबल यायला २०१९ उजाडलं.

गेस्टहाऊसमध्ये जेवणाच्या टेबलावर एक काका भेटले, मॉरिशसचे, कामासाठी आलेले. आम्ही आपसात बोलत होतो तर ते ताट घेऊन शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, तुम्ही मराठी? त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले. मराठी थोडी अडखळत, मधे क्रिओल, पण गणपतीचा विषय निघाला आणि गाडी सुटली, गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते, त्यांच्या गावात अजून झाकरी नाचतात, म्हणजे आपली जाखडी. त्यांनीच सांगितलं की रॉड्रिग्ज वेगळं आहे बरं, इथे बहुतेक लोक आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज, जवळपास सगळे कॅथलिक, आणि मॉरिशस १९६८ ला स्वतंत्र झालं तेव्हा इथल्यांना ते नकोच होतं, आदल्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी एकगठ्ठा विरोधातच मत दिलं. तिकडचे लोक आपल्याला विचारणार नाहीत ही भीती. शेवटी २००२ मध्ये स्वायत्तता मिळाली, स्वतःची विधानसभा. काका म्हणाले, इथले लोक अजूनही आम्हाला मॉरिशसवाले म्हणतात, देश एकच असून. मी म्हटलं काका, आमच्याकडे पुणे आणि मुंबईत पण तेच.

त्याच रात्री शेजारच्या अंगणात सेगा तांबूर होता. ढोल बायकाच वाजवतात, गाणंही त्याच, आणि बाकीचे पाय घासत घासत नाचतात. याला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. त्याच्या जोडीला अकॉर्डियनवर वॉल्ट्झ, पोल्का, मझुर्का, हे युरोपातले जुने नाच, इकडे अजून लग्नात वाजतात. काका नाचले. नवराही नाचला, व्हिडिओ माझ्याकडे आहे आणि तो टाकायची परवानगी नाही.

एक झाड राहिलंच. काफे मारों, रानटी कॉफीचा भाऊ, पांढरी चांदणीसारखी फुलं. नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. १९८० च्या सुमारास एका शाळेत सरांनी त्याचं जुनं चित्र दाखवलं आणि एक मुलगा म्हणाला सर हे माझ्या घराजवळ आहे. होतं! जगातलं एकुलतं एक झाड. बातमी पसरली तर लोक फांद्या तोडायला लागले, औषधी आहे म्हणे, शिवाय जास्त प्यायल्यावरचा उतारा. म्हणून कुंपण, मग कुंपणाला कुंपण. १९८६ मध्ये फांद्या लंडनच्या क्यू बागेत नेल्या, एक रुजली, फुलं आली पण बी काही केल्या धरेना, ते धरलं २००३ मध्ये. आता रोपं परत बेटावर आलीत. तिथल्या सोनेरी वटवाघळांचंही तसंच, १९७० च्या दशकात शंभरही नव्हती, आता हजारोंनी आहेत आणि संध्याकाळी दरीवरून जातात तेव्हा खरंच सोनेरी दिसतात.

चालायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावर ग्राव्हिएपासून सें फ्रांस्वापर्यंतची वाट, मधे त्रू दार्जां नावाचा दोन कड्यांमधला चिमुकला बीच, समुद्री चाच्यांनी खजिना पुरलाय अशी दंतकथा, गर्दी नाही. आणि बोटीने इल ओ कोको, पक्ष्यांचं बेट, तिथे पांढऱ्या कुररीची जोडी घरटं न बांधता सरळ उघड्या फांदीच्या खोबणीत एकच अंडं घालते, वारा आला की आपलाच जीव वरखाली.

जाणार असाल तर, मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे, आपल्याला व्हिसा आधी काढावा लागत नाही, रॉड्रिग्जचं तिकीट मात्र लवकर काढा कारण विमानं छोटी. जानेवारी ते मार्च वादळांचे महिने, टाळा. हवा सप्टेंबरपासून छान असते, पण ताजा उरीत हवा असेल तर बंदी उठल्यावरच, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर. शनिवार धरून प्लॅन करा, नाहीतर बाजार हुकेल. लोणच्याची बाटली हँडबॅगेत घेऊन देणार नाहीत, चेक-इनमध्ये टाका, आणि दोन घ्या, एक मॉरिशसला पोचेपर्यंतच कुणीतरी मागून घेतं.